गिगाभाऊ

ज्याच्या घरी कॉलनीतला सर्वांत वेगवान कॉम्प्युटर असतो, त्याचं कुठलंही काम वेळेवर होत नाही. कारण तो कॉम्प्युटर कामाला मोकळाच नसतो. त्याची परीक्षा चालू असते. काल रात्री चालू होती, आज सकाळी चालू आहे आणि संध्याकाळपर्यंत टिकला तर पुढचा पेपर उद्या आहे. अशा कॉम्प्युटरच्या मालकाला आमच्याकडे गिगाभाऊ म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव वेगळं आहे. पण एखाद्याच्या तोंडून दिवसभर गिगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झ एवढंच निघत असेल, तर लोक दाखला कशाला बघतील?

आमचा गिगाभाऊ नागपूरच्या प्रतापनगरात राहतो. तरी ही जात केवळ नागपुरी नव्हे. ती कोथरूडला आहे, डोंबिवलीला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीतही सापडेल. ओळखायची खूण सोपी. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी आणि त्या बाजूचं पत्र्याचं झाकण कपाटामागे उभं. मॉनिटर दोन असतील तर एकावर काम आणि दुसऱ्यावर तापमान. एकच असेल तर फक्त तापमान. रस्त्यात कुणी भेटलं की आपण "काय, कसं काय?" विचारतो. गिगाभाऊ विचारतो, "किती डिग्री?" नागपुरात मे महिन्यात हा प्रश्न कुणालाच वावगा वाटत नाही, म्हणून त्याचं निभावून जातं.

तो नेमकं काय करतो, हे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कुणीतरी विचारतंच. मग पोहे निवतात.

"हे पाहा काका, प्रोसेसरच्या आत एक ठोका असते. सेकंदाला दहा कोटी ठोके. म्हणजे शंभर मेगाहर्ट्झ. त्याले एका आकड्यानं गुणायचं. त्या आकड्याले मल्टिप्लायर म्हणते. मल्टिप्लायर त्रेचाळीस असला तर वेग झाला चार पॉइंट तीन गिगाहर्ट्झ. मी त्रेचाळीसचे सत्तेचाळीस करतो."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"मंग सहा महिन्यांपासून काय करून राहिला?"

"त्रेचाळीसचे सत्तेचाळीस."

यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीनं प्रोसेसरवर जो वेग छापला असतो, तो जरा भिऊन छापलेला असतो. कारखान्यातून निघणाऱ्या लाखो चिपा सारख्या नसतात. एक थोडी बरी, एक थोडी आळशी. त्यातली आळशीतली आळशी चिपही स्वस्त हीटसिंकखाली, कोंदट खोलीत, गिऱ्हाइकाच्या घरी बिनतक्रार चालली पाहिजे, म्हणून कंपनी हात राखून आकडा देते. ती राखलेली जागा गिगाभाऊची. आपल्या वाट्याला बरी चिप आली की आळशी, हे विकत घेऊन चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. या मंडळींत त्याला सिलिकॉन लॉटरी म्हणतात. राज्य लॉटरीच्या तिकिटाला हातही न लावणारी घरंदाज मुलं ही लॉटरी उघड्या डोळ्यांनी खेळतात.

गिगाभाऊची इतिहासावर फार श्रद्धा. 1998 साली आलेल्या सेलेरॉन 300ए या प्रोसेसरबद्दल तो बोलू लागला की आवाज खाली येतो. तीनशे मेगाहर्ट्झची ही स्वस्तातली चिप 66 च्या बसवर, म्हणजे 66 मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्यावर, चालायची. लोकांनी मदरबोर्डवर बस 100 केली. मल्टिप्लायर साडेचारवर बंदिस्त होता, तो तसाच राहिला आणि चिप चारशे पन्नासवर धावू लागली. त्याच वर्षी चारशे पन्नासचा पेंटियम टू हा इंटेलचा महागडा माल होता. त्याच्या शेजारी ही गरीबाघरची पोर मान वर करून उभी राहिली. पुढे एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन चिपांवरचे बारीक तुटके सांधे लोकांनी साध्या शिसपेन्सिलीनं गिरवून जोडले आणि मल्टिप्लायर मोकळा केला. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्याचा हा फायदा. "पेन्सिलीनं, काका! कंपासपेटीतल्या पेन्सिलीनं!" हे सांगताना गिगाभाऊचे डोळे पाणावतात. दहावीच्या भूमितीच्या निकालाला ते कोरडे होते.

या श्रद्धेचा फटका त्याच्या मामांना बसला. मामा मागच्या पिढीतले. त्यांच्या 486 कॉम्प्युटरला टर्बो नावाचं बटण होतं. "आमच्या वेळेस ही झंझट नव्हती. बटण दाबलं की वेग," असं ते एका लग्नात म्हणून गेले. गिगाभाऊनं तिथल्या तिथे खुलासा केला की ते बटण वेग वाढवायला नव्हतं, कमी करायला होतं. जुने खेळ आणि प्रोग्रॅम पहिल्या आयबीएम पीसीच्या 4.77 मेगाहर्ट्झच्या चालीवर बेतलेले असायचे. नव्या मशीनवर ते इतके सुसाट पळत की खेळणाऱ्याचा हात किबोर्डवर पोचेपर्यंत खेळ संपलेला असे. म्हणून मशीनला आवरायची सोय ठेवली होती. आपण ते बटण दाबलेलं ठेवत होतो की सोडलेलं, हे मामांना आता आठवत नाही. त्या लग्नानंतर त्यांनी भाच्याला कॉम्प्युटरविषयी काही विचारलेलं नाही.

या वाटेला लागायचं तर पहिली पायरी खरेदीची, आणि नवशिके पडतात ते इथेच. दिसला प्रोसेसर आणि वाढवला वेग, असं होत नाही. इंटेलच्या चिपेच्या नावापुढे 'के' हे अक्षर असेल तरच मल्टिप्लायर मोकळा. त्यातही मदरबोर्ड 'झेड' मालिकेतला लागतो. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेकांचे मल्टिप्लायर मोकळेच, पण बोर्ड 'बी' किंवा 'एक्स' मालिकेतला हवा. हे सगळं गिगाभाऊला पाठ होतं. मुंबईला गिरगावात मावसबहिणीचं लग्न निघालं. अक्षता पडल्या आणि हा पंगतीआधीच सटकला. तो थेट लॅमिंग्टन रोडला. दोन दिवसांनी विदर्भ एक्स्प्रेसनं वऱ्हाड परतलं तेव्हा सगळ्यांच्या हातात बुंदीच्या लाडवांचे डबे होते आणि याच्या शर्टाच्या खिशात कोअर आय फाइव्ह 9600के. 2018 सालची, सहा कोअरची, वापरलेली चिप.

जुनीच का घेतली? यावर त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. "शिकायचं तर अशा वस्तूवर शिकावं, की गेली तर रडू आलं पाहिजे, पण घर विकावं नाही लागलं पाहिजे." शिवाय ओव्हरक्लॉकिंग केल्यानं काही बिघडलं तर वॉरंटीत हात वर होतात. ज्या चिपेची वॉरंटीच संपली आहे, तिला ती भीती नाही.

प्रोसेसरवर बसवायला त्यानं दोन पंख्यांचा, साडेसोळा सेंटिमीटर उंचीचा हीटसिंक आणला. कॅबिनेटमध्ये जागा होती सोळा सेंटिमीटर. झाकण तेव्हापासून कपाटामागे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो "हवा खेळती राहावी म्हणून" असं सांगतो आणि ते खोटंही नाही. मधली थर्मल पेस्ट मात्र त्यानं अगदी शास्त्रशुद्ध लावली. चिपेच्या मधोमध वाटाण्याएवढा ठिपका, वरून हीटसिंकचा दाब, बाकी पेस्ट आपली आपण पसरते. चिप आणि हीटसिंक यांच्यातल्या बारीक फटीत हवा राहू नये, एवढंच तिचं काम. काकूंनी, म्हणजे गिगाभाऊच्या आईनं, ती नळी बघितली. एवढ्याशा नळीची किंमत ऐकली. त्या दिवशी पोळ्या तुपाशिवाय आल्या.

आता गडी कामाला लागेल असं आपल्याला वाटतं. छे! पहिला आठवडा त्यानं काहीही केलं नाही. आधी सगळ्या फाइलींची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढली. मग बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, नवं केलं. मग प्रोसेसर कंपनीनं दिला तसाच चालवून सहाही कोअर एकदम राबवले, तापमान किती जातं ते बघितलं आणि लिहून ठेवलं. "आधी कसा होता हेच माहीत नसलं, तर आता कसा आहे हे काय सांगशील?" असं तो म्हणतो. हा प्रश्न आपल्याकडे रस्ता दुरुस्त करण्याआधी कुणी विचारत नाही.

लिहून ठेवायला काकांची लाल खतावणी कामी आली. काका, म्हणजे त्याचे वडील, लेखा विभागातून निवृत्त. घरात कोऱ्या खतावण्यांचा ढीग. पहिल्या पानावर शुभ-लाभच्या खाली गिगाभाऊनं पाच कलमं लिहिली आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. व्होल्टेज स्वतः लिहायचं, 'ऑटो'वर सोडायचं नाही, कारण मदरबोर्डाला दुसऱ्याच्या चिपेची दया नसते आणि तो गरजेपेक्षा जास्तच देतो. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपीची सोय सुरुवातीला बंद, म्हणजे गडबड झाली तर गुन्हेगार एकच. व्होल्टेज 1.35 च्या वर नाही. परीक्षेत तापमान 85 च्या वर गेलं की थांबायचं.

पुढच्या पानांवर नोंदी आहेत. त्यांतल्या काही त्याच्या परवानगीनं देतो.

"मल्टिप्लायर 44. व्होल्टेज तेच. टिकला."

"मल्टिप्लायर 45. टिकला. आई जेवायला बोलावून राहिली."

"मल्टिप्लायर 46. टिकला. जेवण गार."

"मल्टिप्लायर 47. अकराव्या मिनिटाला ब्लू स्क्रीन. व्होल्टेज 0.01 वाढवलं."

"मल्टिप्लायर 47. पुन्हा ब्लू स्क्रीन, पण चाळिसाव्या मिनिटाला. प्रगती आहे."

"मल्टिप्लायर 47. व्होल्टेज 1.30. रात्रभर टिकला. आई बोलत नाही."

ओव्हरक्लॉकिंगची सगळी पद्धत या सहा ओळींत आली. मल्टिप्लायर एकानं वाढवायचा. टिकला तर पुन्हा एकानं. कोसळला तर व्होल्टेज चिमूटभर वर. ते करताना तापमान किंवा व्होल्टेज आपण आखलेल्या रेषेला टेकलं, की एक पायरी खाली यायचं आणि तिथेच मुक्काम. यात कुठेही शौर्य नाही. शौर्य शोधत आलेली मुलं दुसऱ्याच रात्री कंटाळतात आणि क्रिकेटकडे वळतात.

शेजाऱ्यांना वाटायचं, एक दिवस याचा डबा फुटणार. तसं काही होत नाही. प्रोसेसर स्वतःला फार जपून असतो. या पिढीतली इंटेलची चिप 100 अंशांना पोचली की आपणच वेग कमी करते. तरीही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. व्होल्टेज कमी पडलं तर ब्लू स्क्रीन येतो, मशीन पुन्हा सुरू होतं, चिपेला काही होत नाही. खरा शत्रू आवाज न करता येतो. व्होल्टेज आणि उष्णता दोन्ही वर्षानुवर्षं जास्त राहिली, तर चिपेतल्या अतिबारीक तारांमधले धातूचे अणू विजेच्या लोंढ्याबरोबर जागा सोडू लागतात. काल जो वेग सहज झेपत होता, तो उद्या झेपेनासा होतो. म्हणून वेगाला न भिणारा गिगाभाऊ व्होल्टेजच्या चौथ्या दशांशालाही भितो.

कधीकधी आकडा इतका चुकतो की मशीन सुरूच होत नाही. पडदा काळा, पंखे फिरताहेत, आत शुकशुकाट. त्यावर उतारा आहे. वीज बंद करून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढायचा, थोडं थांबायचं, परत बसवायचा. बायोस सगळं विसरतं आणि मूळ पदावर येतं. काकूंना आता हे आवाजावरून कळतं. "काहून रे, पुन्हा सेल काढला का?" सेल काढल्यावर कॉम्प्युटर तारीखही विसरतो आणि बोर्ड कारखान्यातून निघाला त्या काळात जातो. तारीख चुकीची, म्हणून मग बँकेपासून बातम्यांपर्यंत एकही साइट उघडत नाही. काकांनी एकदा चष्मा वर करून पडद्याचा कोपरा वाचला आणि म्हणाले, "वेग वाढवून राहिला म्हणते, अन् 2018 मध्ये जाऊन बसला."

परीक्षेसाठी तो जो प्रोग्रॅम लावतो, त्याचं नाव प्राइम95. मूळचा हा मर्सेन जातीच्या अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. 1996 पासून जगभरचे हौशी लोक आपापल्या कॉम्प्युटरवर तो शोध घेत आले आहेत. प्रोसेसरला त्याच्याइतकं घामाघूम करणारं दुसरं काम सहसा मिळत नाही, म्हणून ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी तो दत्तक घेतला. काकांना मूळ संख्येचा हा भाग आवडला.

"म्हणजे रात्रभर गणितं सोडवून राहिला हा?"

"हो बाबा."

"एखादी नवी संख्या सापडली का?"

"नाही. या परीक्षेत ज्या गणितांची उत्तरं आधीच माहीत आहेत, तेच देते. प्रोसेसरचं उत्तर त्याच्याशी जुळलं का, एवढं पाहायचं."

"उत्तर माहीत आहे?"

"हो."

"मंग मीटर कशाले फिरवून राहिला?"

हा संवाद पुढे महावितरणच्या बिलापर्यंत गेला. काकांनी खतावणी मागवली. चिपेतली उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, हा नियम पोरानं सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल घेतली. मूळ वेग 4.3, व्होल्टेज 1.20. सगळ्या गिगाभाऊंचं स्वप्न 5.0, त्यासाठी याच्या चिपेला लागेल निदान 1.35. वेग वाढतो सोळा टक्के. उष्णता वाढते सत्तेचाळीस टक्के. काकांनी दोनदा ताळा घेतला.

"सोळा टक्क्यांसाठी सत्तेचाळीस टक्के? तीस वर्षं ऑडिट केलं मी. अशा योजना पाहिल्या आहेत. पण त्या सरकारी होत्या."

"बाबा, ही आवड आहे."

"बरं, या सोळा टक्क्यात माझं एक्सेल लवकर उघडते का?"

"एक्सेल लवकर उघडाले एसएसडी लागते."

"मंग ते घ्याचं ना!"

यावर गिगाभाऊकडे उत्तर नाही, आणि खरं म्हणजे जगातल्या कुठल्याही ओव्हरक्लॉकरकडे नाही. काकूंचं मत वेगळं. "करू द्या हो. व्यसन नाही, उनाडक्या नाही. दुधावर नजर ठेवल्यासारखा त्या आकड्यांपुढे बसून असते बिचारा."

खरी परीक्षा प्राइम95 नं घेतली नाही, नागपूरनं घेतली. सत्तेचाळीसचा आकडा त्यानं पक्का केला तो जानेवारीत. रात्री खोलीत अठरा अंश, प्रोसेसर कमाल चौऱ्याहत्तर. गिगाभाऊ हुरळून गेला. आणखी थोडी थंडी असती तर आणखी एक पायरी चढलो असतो, असं म्हणू लागला. मग उन्हाळा आला, मे उजाडला आणि नवतपा लागला. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, दुपारी खोलीत चव्वेचाळीस. हीटसिंक कितीही मोठा असला तरी तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली सव्वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. चौऱ्याहत्तर अधिक सव्वीस म्हणजे बरोब्बर शंभर. प्रोसेसरनं मान टाकली आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी केला. सत्तेचाळीसवर बसवलेली चिप त्रेचाळीसच्याही खाली घसरली. सहा महिने राबून गिगाभाऊचा कॉम्प्युटर, हात न लावलेल्या कॉम्प्युटरपेक्षा हळू झाला.

त्यानं उपाय काढला. हॉलच्या खिडकीत घरातला एकुलता एक कूलर होता, पाण्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. गिगाभाऊनं उघड्या अंगाचं कॅबिनेट उचलून थेट त्याच्या झोताखाली ठेवलं. तापमान झपकन उतरलं. प्रोसेसर प्रसन्न झाला. त्याच्यामागे काका, काकू आणि गिगाभाऊची ताई एका ओळीत वारा घेत उभे राहिले होते, त्यांना मात्र कॅबिनेटमधून गाळून आलेली गरम हवा मिळू लागली. काकूंनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग जवळ जाऊन मदरबोर्डावर बोट फिरवलं. बोट ओलं आलं.

"हे पाणी आहे."

"दमट हवा आहे, आई."

"मी वाळत घातलेले पापड नाही ओळखत का दमट हवेत? उचल ते."

त्यानं उचललं. वीज आणि पाणी यांचं जमत नाही, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. पण पापड करणाऱ्या हातानं सांगितल्यावर ते जास्त पटतं. त्या रात्री गिगाभाऊनं खतावणीत लिहिलं, "परीक्षा जानेवारीत पास झाली तर ती जानेवारीचीच पास. पक्का आकडा मे महिन्यात ठरवायचा." नवशिक्यांना सांगण्यासारखं याहून मोलाचं मला माहीत नाही, आणि नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या पोरांनी तर ते पाठच करावं.

दुसरा धडा ताईनं दिला. ती स्पर्धा परीक्षा देते. फॉर्म भरायची शेवटची तारीख, शेवटचा तास. शुल्क भरायला ओटीपी आला, ताईनं चार आकडे टाकले आणि ब्लू स्क्रीन. आश्चर्य हे, की हाच प्रोसेसर रात्रभर प्राइम95 पुढे डगमगला नव्हता. पण पूर्ण ताणात टिकणारी चिप हलक्या कामात, वेग वर-खाली होताना, मध्येच गडबडू शकते. परीक्षेतला हुशार विद्यार्थी मुलाखतीत तत-पप करतो तो प्रकार. गिगाभाऊ उत्साहानं म्हणाला, "ताई, थांब, हात नको लावू, एररचा नंबर लिहून घेऊ दे." ताईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर कुठल्याही मॉनिटरनं मोजली नसती. फॉर्म शेवटी तिनं मोबाइलवरून भरला.

तेव्हापासून बायोसमध्ये तीन प्रोफाइल आहेत. आपण ठरवलेले आकडे नावानं साठवून ठेवायची सोय बऱ्याच मदरबोर्डांवर असते. पहिल्याचं नाव 'हिवाळा', मल्टिप्लायर 47. दुसऱ्याचं 'उन्हाळा', मल्टिप्लायर मूळचाच, पण व्होल्टेज थोडं कमी, म्हणजे वेग तोच आणि उष्णता कमी. तिसऱ्याचं नाव 'ताई'. त्यात सगळं कंपनीचं जसंच्या तसं आहे आणि त्याला हात लावायची गिगाभाऊलासुद्धा मनाई आहे.

या जातीत एक वेगळी शाखा आहे, तिला आमचा गिगाभाऊ 'पाचवाले' म्हणतो. त्यांना 5.0 हा आकडा पडद्यावर दिसला पाहिजे. मशीन दोन मिनिटं टिकलं तरी चालेल, फोटो निघाला पाहिजे. आणखी वरच्या टोकाला द्रव नायट्रोजनवाले. उणे 196 अंशांचा तो द्रव प्रोसेसरवरच्या भांड्यात ओतून ते विक्रम करतात. 2022 च्या डिसेंबरात त्याहूनही थंड द्रव हेलियम वापरून इंटेलच्या तेराव्या पिढीतल्या चिपेनं नऊ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली. गिगाभाऊ त्यांना हात जोडतो आणि दूर उभा राहतो. "तो विक्रम आहे काका. त्याच्यावर ताईचा फॉर्म भरता येत नाही."

अलीकडे मात्र तो थोडा उदास असतो. नव्या चिपांना कंपन्या स्वतःच कारखान्यातून ताणून पाठवतात. पूर्वी राखून ठेवलेली ती जागा आता कंपनीच वापरते, घरी बसून काढायला फार काही उरत नाही. त्याचा भलताच अनुभव 2024 साली आला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले बरेच वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर, मालकांनी काहीही न करता, कोसळू लागले. चिप स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, असं निघालं. ऑगस्टमध्ये कंपनीला त्यावर दुरुस्ती द्यावी लागली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ही बातमी गिगाभाऊनं काकांना वाचून दाखवली. "पाहा बाबा, एवढी मोठी कंपनी, पण खतावणी नव्हती ठेवली." काका त्या दिवशी पहिल्यांदा पोराकडे अभिमानानं बघताना दिसले.

म्हणूनच हल्ली हे लोक उलट्या दिशेनं निघाले आहेत. वेग तोच ठेवायचा आणि व्होल्टेज किती कमी करता येतं ते बघायचं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. पद्धत तीच, एका वेळी एक बदल, परीक्षा, नोंद. उष्णता कमी, पंख्याचा आवाज कमी आणि महावितरणचं बिलही कणभर कमी. काकांना हा छंद मात्र समजतो.

वेगाचं वेड लागलेला हा माणूस त्या घरातला सगळ्यांत सावकाश, सगळ्यांत सावध माणूस निघाला. कंपनीचा आकडा त्यानं प्रमाण मानला नाही, आणि स्वतःचाही नाही. दोन्ही तपासून पाहिले आणि झेपेल तिथे थांबला. तुमच्या घरी असं एखादं पोर असेल तर त्याला रागावू नका. त्याला एक कोरी वही द्या, जमलं तर एक यूपीएस द्या, आणि परीक्षा चालू असताना मेन स्विचला हात लावू नका. आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल, तर मोबाइल चार्ज करून ठेवा.